ताटीबाहेर बसलेली मुक्ताई : दुखऱ्या मनाशी बोलायची आपली जुनी रीत

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात किल्ला नाही, तह नाही, तलवार नाही. एक झोपडी आहे, तिला काड्यांचं दार आहे, आत एक दुखावलेला पोरगा बसलाय आणि बाहेर त्याची धाकटी बहीण. गोष्ट तेराव्या शतकातली. सांगतोय मी मारेगावातून, आणि इथूनच का, ते आधी बोलतो.

मारेगाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : यवतमाळ जिल्ह्यातला तालुका, वणीहून करंजीकडे निघालात की वाटेत लागतो. कापूस, तूर, सोयाबीन. शेजारी वणीच्या कोळसा खाणी, आणि आजूबाजूला कोलामांचे पोड. 1853 साली निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं, तेव्हा हा मुलूखही गेला. म्हणजे आपल्या भागाच्या आधुनिक इतिहासाचं पहिलं पानच कर्जाचं. पुढे बरीच वर्षं हा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जायचा, 1905 मध्ये त्याचं नाव यवतमाळ झालं. आणि त्यानंतर शंभर वर्षांनी, 2006 च्या जुलैमध्ये, पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होतं. कशासाठी, ते सांगायला नको. पुण्यात शिकताना मी जिल्ह्याचं नाव घेतलं की समोरचा अर्धा सेकंद गप्प व्हायचा. तो अर्धा सेकंद इथल्या प्रत्येक पोराला माहीत आहे.

ज्या घरात असं काही घडतं तिथे पुढे काय होतं, ते आम्ही लहानपणापासून बघतोय. पंचनामा होतो. सातबारा, बँकेचे कागद, सोसायटीचे कागद गोळा होतात. प्रकरण पात्र की अपात्र, यावर महिनोन्महिने जातात. आणि तेराव्याच्या आत कुणीतरी जाणतं माणूस घरातल्या मोठ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "मन घट्ट कर बे. आता तुलेच पाह्यनं हाये सारं." पोरगा मान हलवतो. मन घट्ट करतो. ते पुढे दहा-दहा वर्षं घट्टच राहतं.

या वाक्याचा मला राग नाही. ते प्रेमाने म्हटलेलं असतं आणि त्या घडीला त्याची गरजही असते, कारण पेरणी थांबत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की दुखावलेल्या मनाशी बोलायला आपल्या भाषेत हे एकच वाक्य होतं का? मी जरा जुनं धुंडाळलं. नव्हतं.

पण जुन्याकडे जाण्याआधी एक नवी गोष्ट, कारण तिच्यामुळेच मी हे शोधायला लागलो. अमेरिकेत रिचर्ड श्वार्ट्झ नावाचे एक थेरपिस्ट आहेत. 1980 च्या सुमारास ते शिकागोत कुटुंबांसोबत काम करायचे, आणि त्यांच्याकडे खाण्याच्या आजारांनी त्रासलेल्या तरुण मुली यायच्या. त्या मुली स्वतःबद्दल बोलताना "माझ्यातला एक भाग असं म्हणतो, दुसरा तसं म्हणतो" अशी भाषा वापरायच्या. श्वार्ट्झ कुटुंबाचे डॉक्टर, त्यामुळे त्यांना हे भाग घरातल्या माणसांसारखे दिसायला लागले. एक ओरडतो, एक लपतो, एक सगळं सांभाळून घेतो. यातून त्यांनी जी पद्धत बांधली तिचं नाव इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स. आतलं कुटुंब, म्हणा.

तिचा गाभा मी शेताच्या भाषेत सांगतो. आपल्याकडे पीक उभं असलं की रात्री जागलीला जावं लागतं, रानडुकरं येतात, रोही येतात. जागल्या रात्रभर ओरडतो, डबे वाजवतो. मनातसुद्धा असे जागले असतात. लहानपणी काहीतरी फार लागलेलं असतं, ते दुखरं लेकरू मन कुठेतरी आत कोंडून ठेवतं, आणि त्याच्यापर्यंत कुणी पोचू नये म्हणून पहारे बसवतं. एक पहारेकरी म्हणतो, सतत काम कर, कुणापुढे रडू नको. ते लेकरू तरीही आतून हंबरलंच, तर दुसरा धावत येतो आणि मिळेल त्याने आग विझवतो : दारू, मारामारी, पहाटे तीनपर्यंत रील्स. श्वार्ट्झ म्हणतात, यातला कुणीही वाईट नाही. पीक केव्हाचं घरी आलंय, हे जागल्याला कुणी सांगितलंच नाही, म्हणून तो अजून डबे वाजवतोय. त्याला हाकलू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तू थांबलास तर काय होईल अशी भीती वाटते तुला? त्याचा विश्वास बसला की तो बाजूला होतो, मग आतल्या लेकराकडे जाता येतं. आणि जाणारा कोण, तर माणसाच्या आतच असलेला एक शांत, मायाळू, न घाबरणारा असा 'स्व'.

हे ऐकल्यावर कीर्तनं ऐकत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात जे होतं तेच माझ्या झालं. अरे, हे कुठेतरी ऐकलंय.

पहिली आठवण एकनाथांची. पैठणचे नाथ, सोळाव्या शतकातले, 1599 साली गेले. त्यांची भारुडं गणपतीत, सप्ताहात तुम्ही पाहिली असतील. त्यांतलं एक भवानीआईला साकडं घालणारं आहे. एक सासुरवाशीण देवीला म्हणते, माझा सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं किरकिरं पोर, नवरा, या सगळ्यांचा बंदोबस्त कर आणि मला एकटीला मोकळं सोड. मंडपात हशा पिकतो. मग महाराज सांगतात की ही माणसं म्हणजे आपल्याच आतले अहंकार, वासना वगैरे. कोण म्हणजे काय, हे प्रत्येक कीर्तनकार थोडं वेगळं लावतो, ते असो. पण बघा, चारशे वर्षांपूर्वी पैठणच्या एका माणसाने मनाचं चित्र काढायला अख्खं एकत्र कुटुंब वापरलंय. श्वार्ट्झना घर दिसलं, नाथांनाही घरच दिसलं.

फक्त फरक मोठा आहे, आणि तो लपवून 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असं मी म्हणणार नाही. ते व्हॉट्सॲपवाल्यांचं काम. नाथांच्या सासुरवाशिणीला घर रिकामं हवंय. सासूला काय दुखतं, हे ती विचारत नाही. संतपरंपरेत बऱ्याच ठिकाणी हीच भूमिका आहे : काम-क्रोध शत्रू, त्यांना जिंका. त्यांचं विंचवाचं भारूडही तसंच. काम-क्रोधाचा विंचू डसला, सत्त्वगुणाचा उतारा दिला, विष उतरलं. पण त्या भारुडाच्या शेवटाकडे नाथ एक फार खरी गोष्ट सांगून जातात. सगळं उतरल्यावरही थोडीशी ठणक मागे राहते, आणि ती शांत करायला गुरू लागतो. ज्याने हे लिहिलं त्याला जखमेची माहिती होती.

समर्थ रामदासांचे 205 मनाचे श्लोक तुम्हाला शाळेत पाठ करायला लावले असतील. त्यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही, एकच सांगतो. तिथे मनाला हाक मारताना समर्थ त्याला सज्जन म्हणतात. उपदेश कडक आहे, पण ज्याला उपदेश करायचा त्याला आधी भला माणूस म्हणून बोलावलंय. बहिणाबाई चौधरींच्या मनावरच्या कवितेत हेच मन उभ्या पिकात शिरणारं गुरू होतं, कितीदा हाकला, परत येतंच. जळगावकडची, कापसाच्या मुलखातली बाई, लिहिता-वाचता न येणारी, तरुणपणी विधवा झालेली. तिला ढोराचा राग येत नाही, ती त्याचा स्वभाव ओळखते.

आता त्या झोपडीकडे.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई. यांची कथा आपण इतकी पवित्र करून ठेवलीय की त्यातलं दुःख आपल्याला दिसेनासं झालंय. परंपरा काय सांगते? बाप विठ्ठलपंत संन्यास घेऊन गेला होता, गुरूने परत संसारात पाठवला. संन्यासी घरी परतला म्हणून गावाने वाळीत टाकलं. चार मुलं झाली, त्यांना 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवलं. शेवटी धर्मशास्त्र सांगणाऱ्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि आई-बापांनी ते घेतलं. आपण गेलो तर निदान लेकरांना तरी समाज जवळ करेल, अशी त्यांची आशा होती असं सांगतात. ती चार लेकरं मागे राहिली. रूढ सालं धरली तर मुक्ताबाईचा जन्म 1279 चा. म्हणजे तेव्हा ती अगदीच लहान.

हे वाक्य मी एकदा साधं करून सांगतो. समाजाच्या दबावाखाली आई-बापाने जीव दिला आणि मागे चार पोरं उरली. मारेगावात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

तर ताटीच्या अभंगांमागची कथा अशी. ज्ञानदेव एकदा बाहेर गेले असताना कुणीतरी लागेल असं बोललं. ते घरी आले, झोपडीची ताटी लावली आणि आत बसून राहिले. ताटी म्हणजे काड्यांचं, बांबूचं दार. आपल्याकडे पऱ्हाटीच्या कुडाची घरं असायची ना, तसलं काहीतरी डोळ्यापुढे आणा. एक लाथ मारली तर पडेल. पण मुक्ताबाई ती पाडत नाही. बाहेर बसते आणि बोलायला लागते, आणि हे बोलणं म्हणजे ते अभंग.

ती काय बोलते, ते माझ्या शब्दांत. ती आधी त्याला तो कोण आहे याची आठवण करून देते. मोठा आहेस, योगी आहेस, लोकांचं बोलणं पोटात घालणारा आहेस. जग पेटलं तर आपण पाणी व्हावं, असं ती म्हणते. इथपर्यंत हा उपदेशच वाटतो, थोडा 'मन घट्ट कर'च्याच जातीचा. मग ती एक साधी गोष्ट काढते. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली, तर कुणी स्वतःचे दात पाडतं का? या एका दृष्टान्तापाशी मी खूप दिवस अडकलो होतो. दुखावणारा आणि दुखावला जाणारा, दोघं एकाच तोंडात राहतात. तिचा रोख ज्ञानदेव आणि त्याला बोलणारं जग यांच्यावर आहे, सगळीकडे एकच ब्रह्म आहे या अर्थाने. पण तोच दृष्टान्त आत वळवून बघा. तुमच्यातला जो भाग तुम्हाला रोज रात्री म्हणतो की बाप गेला त्यात तुझीच चूक, तू घरी असतास तर असं झालं नसतं, तो दात आहे. तो चावतोय हे खरं. त्याला उपटून फेकता येत नाही, कारण तो तुमचाच आहे, आणि त्याने चावायला सुरुवात केली तेव्हा त्याला वाटलं होतं की असं केल्याने पुन्हा कुणी जाणार नाही.

आणि ज्याच्यामुळे हे अभंग मला आवडतात तो मुद्दा वेगळाच आहे. ती बाहेर थांबते. दार उघडणं त्याच्या हातात ठेवते. पुन्हा पुन्हा विनवते, लाडाने त्याच्याशी बोलते, स्वतःला त्याची लाडकी म्हणवते. ज्या मुलीचे स्वतःचे आई-बाप तसेच गेलेत, ती भावाच्या रागाला घाबरत नाही आणि त्याची लाजही वाटून घेत नाही. श्वार्ट्झच्या पद्धतीत थेरपिस्टला जे शिकवतात की पहारेकऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय आत जायचं नाही, ते इथे एक दहा-बारा वर्षांची पोर करतेय. परंपरा म्हणते, ज्ञानदेवांनी ताटी उघडली.

मुक्ताबाईने दार ठोठावलं. जनाबाईला दारापाशी बसणारंही कुणी नव्हतं. गंगाखेडची मुलगी, लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, शेण, पाणी. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल येतो आणि काय करतो? दळू लागतो. पाणी भरतो. शेण्या वेचतो. तिचे केस विंचरतो, उवा काढतो. देव म्हणून आशीर्वाद देऊन निघून जात नाही, आई मुलीचं जे करते ते करतो. तिची 'विठाई' ही हाक मी लहानपणी नुसती भक्तीची म्हणून ऐकायचो. आता वाटतं, एका पोरक्या मुलीने आपल्या आतल्या लेकराला आई मिळवून दिली, आणि रोज, जात्यावर बसल्या बसल्या, तिच्याकडून केस विंचरून घेतले. याला साधना म्हणायचं का थेरपी, हा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. गावोगावच्या बायकांनी तो घातला नाही, त्यांनी जात्यालाच मनातलं सांगितलं. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. सासर, माहेर, मेलेलं मूल, न बोलणारा नवरा, सगळं त्यात आहे.

पुरुषांकडे जातं नव्हतं. हा माझा खरा मुद्दा. तुकोबांनी 1630 च्या आसपासच्या दुष्काळात बायको गमावली, मुलगा गमावला, धंदा बुडाला, आणि त्यांच्या गाथेत ते विठ्ठलाशी भांडतात, त्याला वाट्टेल ते बोलतात, रडतात. वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. पण आपण तुकोबांकडून वैराग्य उचललं आणि रडणं मागे ठेवलं. आमच्या घरातल्या पुरुषाला टाळ मिळाला, माळ मिळाली, आणि 'मन घट्ट कर' मिळालं.

म्हणून एक सावधगिरीही सांगतो. भजन हासुद्धा पहारेकरी होऊ शकतो. मी अशी माणसं पाहिलीत जी सकाळ-संध्याकाळ नाम घेतात आणि पोराच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाहीत. जप चालू ठेवलेला असतो, कारण तो थांबला तर आतलं ऐकू येईल. साधनेने शांत वाटतंय की बधिर वाटतंय, हा फरक प्रत्येकाला स्वतःचाच कळतो. कळतो मात्र नक्की.

याउलटही पाहिलंय. आमच्याकडच्या गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. तुकडोजी महाराज (1909–1968) अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव फिरले. प्रार्थनेला सगळे एका सतरंजीवर, ओळीत, आणि मध्ये काही वेळ नुसतं शांत बसायचं. मोझरीला त्यांच्या पुण्यतिथीला 4 वाजून 58 मिनिटांनी, ते गेले त्या वेळेला, हजारो माणसं मौन पाळतात. गर्दी, धूळ, खेळण्यांची दुकानं, आणि एकदम सगळं बंद. मी तिथे उभा होतो तेव्हा शेजारचा धिप्पाड माणूस रडत होता. कुणीही त्याला गप्प केलं नाही.

त्याच अमरावती जिल्ह्यात या दशकाच्या आधी एक प्रयोग झाला, तोही आपल्याच इतिहासात धरा. 'विश्राम' नावाचा. 30 गावं, 18 महिने. गावातल्याच कार्यकर्त्यांना ऐकून घ्यायला, मानसिक प्रथमोपचार द्यायला शिकवलं, आणि गरज लागली तर समुपदेशक, डॉक्टर. आधी डिप्रेशन असलेल्यांपैकी जेमतेम 4.3 टक्के लोक मदत घेत होते, नंतर ते 27.2 टक्के झाले. 2017 मध्ये हे लॅन्सेटच्या मानसोपचार नियतकालिकात छापून आलं. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की दारापाशी येऊन बसलेलं माणूस गावातलंच होतं.

आतल्या कुटुंबाशी बोलण्याने कापसाचा भाव वाढत नाही, कर्जही फिटत नाही. ते फेडण्याची जबाबदारी ज्याची त्याचीच राहते, आणि त्यात सरकार, बाजार, बँक सगळे आलेच. श्वार्ट्झच्या पद्धतीचे पुरावेसुद्धा अजून थोडेच आहेत, आणि खूप खोल जखमेत एकट्याने उतरू नये, सोबत जाणकार लागतो. तुम्हाला किंवा तुमच्या मित्राला जगणंच नको झालं असेल तर हा पॉडकास्ट इथेच थांबवा आणि टेलिमानसला 14416 वर फोन करा. फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं.

आता राहिली मुक्ताबाई. या भागाची तयारी चालू असताना मी मारेगावच्याच एका ताईला ही ताटीची गोष्ट सांगितली. तिचेही वडील तसेच गेलेत, धाकट्या दोन भावांना तिनेच सांभाळलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. अन् मुक्ताई आत बसली असती तं भायेर कोन आलं असतं रे?"

मी शोधलं. ज्ञानदेवांनी 1296 च्या कार्तिकात आळंदीला समाधी घेतली. पुढच्याच महिन्यात सोपानदेवांनी सासवडला. मुक्ताबाई निवृत्तीनाथांसोबत उत्तरेकडे निघाली, आणि 1297 च्या वैशाखात तापीकाठी, मेहूणजवळ, वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं सांगतात. वय अठराच्या आतबाहेर. दोन भावांच्या समाधीनंतरचे ते पाच-सहा महिने ती काय बोलली, कुणाशी बोलली, यावर परंपरेत फार काही नाही. भावाला समजावणारे तिचे अभंग आपण सातशे वर्षं गातोय.

ताईला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "हं." मग म्हणाली, चहा ठेवते, बस जरा. आणि मग ती बोलायला लागली. ते रेकॉर्ड केलेलं नाही.